बिनपरवाना लहरींची वहिवाट

शहरांतील गृहरचना संस्थांमधून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. दिवसभर सुरळीत चालणारे वाय-फाय रात्री आठच्या सुमारास, म्हणजे नेमके सर्व कुटुंब घरी परतलेले असते त्या वेळी, अडखळू लागते. सेवा पुरविणारी कंपनी आपल्या तारेत काही दोष नाही असे सांगते, आणि तिचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. मग गृहस्थ अधिक शक्तीचा राउटर विकत आणतो, काही दिवसांनी वरच्या मजल्यावरचा शेजारीही तेच करतो, आणि वर्ष उलटण्यापूर्वी साऱ्या इमारतीची स्थिती पहिल्यापेक्षा वाईट होते. या दोषाचे मूळ यंत्रांत थोडे आणि यंत्रे वापरण्याच्या वहिवाटीत फार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावरचे बहुतेक उपाय बिनखर्ची आहेत; परंतु ते आवाज वाढविण्याचे नसून कमी करण्याचे असल्यामुळे सहसा कोणाला सुचत नाहीत.

ज्या लहरींवर हा सारा व्यवहार चालतो त्यांचा कायदेशीर दर्जा प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. आकाशवाणी, पोलीस, विमानवाहतूक, मोबाइल कंपन्या यांना सरकारने वर्णपटाचे जे पट्टे नेमून दिलेले असतात त्यांवर त्यांचा परवान्याने सिद्ध झालेला हक्क असतो, आणि त्यात कोणी व्यत्यय आणल्यास त्यांना सरकारदरबारी दाद मागता येते. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्याची गोष्ट निराळी आहे. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये नियम काढून या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याच्या बंधनातून सूट दिली. प्रक्षेपकाच्या शक्तीवर १ वॉटची आणि अँटेनाने एका दिशेस एकवटलेल्या परिणामी शक्तीवर ४ वॉटची मर्यादा घातली. आणि या सवलतीस जी अट जोडली तिची तीन अंगे आहेत. इतरांस उपद्रव द्यावयाचा नाही, इतरांच्या उपद्रवापासून संरक्षण मागावयाचे नाही, आणि पट्टा कोणाच्याही खास मालकीचा समजावयाचा नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या नियमात बसणाऱ्या राउटरमुळे आपला राउटर मंदावला, तर त्याविरुद्ध कोणत्याही कचेरीत अर्ज करून उपयोग नाही. येथे समजूत हाच कायदा आहे.

किंबहुना हा पट्टा संदेशवहनासाठी म्हणून राखलेलाच नव्हता. १९४७ साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रदेश औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय यंत्रांसाठी, म्हणजे लहरींनी पदार्थ तापविणाऱ्या यंत्रांसाठी, मोकळा ठेवला, आणि जो कोणी तेथे संदेशवहन करील त्याने या यंत्रांचा उपद्रव सोसला पाहिजे असा दंडक घातला. अमेरिकेने १९८५ मध्ये या प्रदेशात बिनपरवाना संदेशवहनास मुभा दिली, आणि १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी ही या मुलखातील जुनी रहिवासी असून आपले राउटर तेथे मागाहून आलेले आहेत, हा क्रम ज्याच्या लक्षात राहील त्याची निम्मी चिडचिड आपोआप शमेल.

व्यत्यय दोन प्रकृतींचा असतो, आणि उपाय योजण्यापूर्वी आपल्या घरातला कोणता हे ओळखणे अगत्याचे आहे. पहिला प्रकार वाय-फायच्या यंत्रांचा आपसांतला. ही यंत्रे मानकानुसार पाठविण्यापूर्वी ऐकतात. आपल्या चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातील निवडलेल्या उपमार्गावर, दुसऱ्या कोणाचे प्रक्षेपण चालू असेल तर थांबतात, ते संपल्यावर यदृच्छेने ठरलेला अत्यल्प अवधी आणखी जाऊ देतात, आणि मगच आपला संदेश सोडतात. यास्तव एकाच चॅनेलवर दहा घरांचे राउटर असले तरी ते एकमेकांचा नाश करीत नाहीत, ते पाळी लावतात. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरील जुन्या बंधाऱ्यांच्या फडांत पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो, आणि एकाची पाळी लांबली की पाटावरच्या बाकी साऱ्यांना बांधावर थांबून राहावे लागते. तद्वतच येथे वाटून घ्यावयाची वस्तू काल ही आहे, आणि ज्याचे यंत्र संथ त्याची पाळी लांब. दुसरा प्रकार न ऐकणाऱ्यांचा. मायक्रोवेव्ह भट्टी, जुन्या धर्तीचे बिनतारी कॅमेरे, आणि ज्यांच्या तारांतून अनवधानाने लहरी गळतात अशी विद्युत उपकरणे यांना पाळी ठाऊकच नसते. ती आपल्या संदेशाच्या ऐन मध्यात येऊन तो भ्रष्ट करतात, आणि तो पुन्हा पाठवावा लागतो. पहिल्या प्रकारात वेग मंदावतो, दुसऱ्यात जोडणी थबकते आणि तुटते.

ही परीक्षा घरच्या घरी करता येते. प्रथम राउटरला तारेने संगणक जोडून वेग मोजावा. तेथेच तो कमी भरला तर दोष लहरींचा नाही आणि पुढील सारा खटाटोप व्यर्थ आहे. तारेवर वेग पुरा मिळत असेल तर बिनतारी वेग सकाळी, दुपारी व रात्री मोजून काही दिवस कागदावर टिपून ठेवावा. रोज रात्री ठराविक वेळी घसरण होत असेल तर ती शेजारच्या राउटरांची गर्दी. दिवसातून अवचित, मिनिट-दोन मिनिटांपुरती होत असेल तर घरातील एखादे उपकरण. असे उपकरण शोधण्यासाठी एका वेळी एकच वस्तू बंद करावी. सर्व काही एकदम बंद करून पुन्हा चालू केल्याने क्षणभर बरे वाटते, पण अपराधी सापडत नाही. अँड्रॉइड फोनवर आसपासची वाय-फाय जाळी, त्यांची चॅनेले आणि त्यांचे बळ दाखविणारी ॲप विनामूल्य मिळतात; त्यांपैकी एखादे घेऊन घराच्या प्रत्येक खोलीत उभे राहून पाहावे.

आता चॅनेलांचा विचार, आणि तो थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण सर्वांत अधिक गैरसमज येथेच आहेत. या पट्ट्यात तेरा चॅनेले आहेत असे राउटर दाखवितो. परंतु त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झ असून प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते, त्यामुळे एकमेकांत न मिसळणारी चॅनेले व्यवहारात तीनच उरतात: पहिले, सहावे आणि अकरावे. पहिल्यावर आणि सहाव्यावर गर्दी दिसली म्हणून चतुर गृहस्थ तिसऱ्यावर किंवा चौथ्यावर जातो, आणि आपण मोकळी वाट शोधली असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो दोन्हीकडच्या लोकांच्या वाटेत उभा राहतो. एकाच चॅनेलवरील राउटर परस्परांचे संदेश ओळखतात व अगदी क्षीण संकेत ऐकूनही थांबतात. मात्र अर्धवट सरकलेल्या चॅनेलवरचा संदेश त्यांना उकलता येत नाही, तो केवळ गोंगाट म्हणून जाणवतो, आणि मानकानुसार अशा गोंगाटापुढे थांबण्याची मर्यादा ओळखीच्या संदेशापेक्षा सुमारे शंभर पट वर ठेवलेली आहे. म्हणजे दोन्ही पक्ष एकमेकांना न जुमानता एकाच वेळी बोलतात आणि दोघांचेही संदेश बिघडतात. यास्तव शेजाऱ्याशी पूर्ण एका चॅनेलवर असणे पत्करावे, पण अर्धवट त्याच्यावर पडणे पत्करू नये. पहिले, सहावे, अकरावे यांपैकी ज्यावर बलवान संकेत कमी असतील ते निवडावे.

याच न्यायाने या पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झ रुंदीचे प्रक्षेपण चालू ठेवणे ही शेजाऱ्यांवर केलेली जबरदस्ती आहे. ८३.५ मेगाहर्ट्झच्या सामाईक जागेपैकी जवळजवळ अर्धी एकट्याने व्यापून इमारतीत आपले काम वेगाने होईल हा भ्रम आहे. रुंद जागा एकदम मोकळी सापडेपर्यंत अशा राउटरला स्वतःलाच अधिक थांबावे लागते. राउटरच्या व्यवस्थेत रुंदी २० मेगाहर्ट्झ अशी कायम करावी.

यापुढचा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. प्रत्येक वाय-फाय जाळे, त्यावर कोणी काही पाठवीत असो वा नसो, दर सेकंदास सुमारे दहा वेळा आपल्या नावाची दवंडी देते, आणि जुन्या यंत्रांनाही ती ऐकू यावी म्हणून अनेक राउटर ती सर्वांत संथ म्हणजे सेकंदास १ मेगाबिट या गतीने देतात. अडीचशे बाइटांची अशी एक घोषणा सुमारे २.२ मिलिसेकंद वेळ खाते. म्हणजे एकेका नावामागे चॅनेलचा दोन टक्के वेळ गेला. एका चॅनेलवर अशी वीस नावे ऐकू येत असतील, आणि मोठ्या संकुलात ती सहज येतात, तर एकाही माणसाने एक अक्षर पाठविण्यापूर्वी चाळीस टक्क्यांहून अधिक वेळ केवळ नावे पुकारण्यात खर्ची पडतो. म्हणून पाहुण्यांसाठी एक, मुलांसाठी एक, टीव्हीसाठी एक अशी नावे वाढवू नयेत, न लागणारी बंद करावीत. आणि राउटरमध्ये सोय असल्यास ८०२.११बी हा जुना प्रकार बंद करून किमान गती ६ मेगाबिट ठेवावी. तीच घोषणा मग सहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात उरकते. घरात वीस वर्षांपूर्वीचे एखादे यंत्र अद्याप वापरात असेल तर तेवढे तुटेल, हे मात्र आधी पाहून घ्यावे.

शक्ती वाढविण्याच्या मोहाविषयी मी वर लिहिलेच आहे. राउटरची शक्ती वाढविली तर त्याचा संकेत फोनला जोरकस पोहोचतो हे खरे, परंतु फोनचा प्रक्षेपक बहुधा राउटरपेक्षा दुबळा असल्यामुळे फोनचे उत्तर राउटरला पूर्वीइतकेच क्षीण ऐकू येते, आणि संवाद तर दोघांचा असतो. वाढला तो केवळ आपल्या संकेताचा प्रदेश, आणि त्या प्रदेशातील प्रत्येक शेजाऱ्याला आता आपल्यासाठी थांबावे लागते. तोही मग शक्ती वाढवितो आणि आपल्याला थांबवितो. दोन खोल्यांच्या घरात मध्यम किंवा अल्प शक्ती पुरेशी होते. राउटर दारामागच्या कोनाड्यात, लोखंडी कपाटाच्या आड किंवा आरशामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उघड्या जागी व उंचावर ठेवल्याने जो लाभ होतो तो पुष्कळदा नव्या राउटरनेही होत नाही.

ज्या वस्तू जागच्या हलत नाहीत त्यांना लहरींची गरज नाही, हा नियम सर्वांत फलदायी आहे. टीव्ही, टेबलावरचा संगणक, कॅमेऱ्यांचे चित्र साठविणारे यंत्र ही तारेने जोडावीत. एका टीव्हीवरील रात्रीचा चित्रपट तारेवर गेला की फोनांच्या वाट्याला येणारा काल लक्षात येण्याइतका वाढतो.

ज्यांचे राउटर व फोन ५ गिगाहर्ट्झचे आहेत त्यांनी तिकडे जावे. ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा भारतात बिनपरवाना मोकळी झालेली आहे, आणि या लहरी भिंतींतून कमी पार होत असल्यामुळे शेजाऱ्याचा उपद्रवही भिंतीपलीकडेच अडतो. परंतु या पट्ट्याच्या मधल्या भागात हवामानाच्या व इतर रडारांचा पूर्वीपासूनचा अंमल आहे; विशेषतः ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये पावसाचे ढग पाहणारी रडारे चालतात, आणि मुंबईत वेरावली येथे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे सी-पट्ट्यातील डॉपलर रडार आहे. यास्तव आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे बनविलेला राउटर या भागात प्रक्षेपण करण्यापूर्वी एक मिनिट, आणि हवामान रडारांच्या चॅनेलांवर युरोपीय मानकाप्रमाणे दहा मिनिटे, नुसता ऐकत राहतो. रडारची चाहूल लागताच तो दहा सेकंदांच्या आत जागा सोडतो आणि अर्धा तास परत येत नाही. हा विलंब पाहून राउटर बिघडला असे समजून काही जण त्यात दुसऱ्याच देशाचे नाव भरून ही पहाऱ्याची व्यवस्था निकामी करतात. असे कदापि करू नये. २००९ मध्ये प्वेर्तो रिकोतील सान हुआनच्या विमानतळाजवळील हवामान रडारच्या पडद्यावर बिनपरवाना प्रक्षेपकांमुळे व्यत्यय आढळला, आणि त्याच्या चौकशीला अमेरिकी सरकारची खाती लागली. मुंबईवर ढग दाटलेले असताना रडारच्या चित्रात खोटी रेघ उमटली तर तिचे परिणाम कोणाच्या चित्रपटापुरते मर्यादित राहणार नाहीत. ज्यांना हा विलंब नको त्यांनी ३६ ते ४८ किंवा १४९ पासून पुढची चॅनेले घ्यावीत.

न ऐकणाऱ्या उपकरणांचे उपाय थोडक्यात सांगतो. साध्या मायक्रोवेव्ह भट्टीचा लहरीजनक आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागातच चालतो, म्हणजे साधारण दहा मिलिसेकंद उपद्रव आणि दहा मिलिसेकंद शांतता असा क्रम असतो. त्यामुळे जाळे मरत नाही, लंगडते. राउटर भट्टीपासून दूर, शक्य तर भिंतीपलीकडे ठेवावा. भट्टीचा जोर बहुधा २४५० च्या आसपास व वर असल्याने पहिल्या चॅनेलवर तिचा त्रास तुलनेने कमी जाणवतो. दार सैल झालेली किंवा जाळी फाटलेली भट्टी मात्र दुरुस्त होईपर्यंत वापरूच नये, आणि तेथे कारण वाय-फायचे नाही, आपल्या डोळ्यांचे व अंगाचे आहे. संगणकाला यूएसबी ३ ची चकती जोडली की बिनतारी माउस अडखळतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. त्या जोडणीतील वेगवान विद्युत स्पंदने २.४ गिगाहर्ट्झच्या प्रदेशातच गोंगाट पसरवितात, आणि माउसचा छोटा ग्राही हातभर तारेने दूर नेला की दोष जातो. ब्लूटूथची प्रकृती सामंजस्याची आहे. ते ७९ अरुंद मार्गांवरून सेकंदास १६०० वेळा उड्या मारते, आणि २००३ च्या सुधारणेपासून गजबजलेले मार्ग ओळखून टाळते. एका चॅनेलवर स्थिर, अरुंद राहणारे वाय-फाय त्याला टाळता येते, तर ४० मेगाहर्ट्झवर पसरलेले टाळणे अवघड जाते. झिगबी या बिनतारी पद्धतीचे दिवे व कुलुपे असतील तर ती २५ किंवा २६ या चॅनेलांवर ठेवावीत. ती वाय-फायच्या अकराव्याच्याही पलीकडे आहेत.

येथवर सांगितले ते मोकळ्या पट्ट्याविषयी. परवान्याच्या पट्ट्यांत शिरून केलेल्या उपायांना माझा पूर्ण विरोध आहे. घरात मोबाइलचा संकेत येत नाही म्हणून बाजारातून बूस्टर आणून परवानगीविना गच्चीवर बसविणे हा गुन्हा आहे. असा बूस्टर आपल्या अँटेनांच्या परस्पर प्रतिध्वनीने स्वतःच अखंड प्रक्षेपण करू लागला तर जवळच्या मोबाइल मनोऱ्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या वस्तीचे फोन, त्यांत रुग्णवाहिकेला केलेला फोनही, अडतात. वर्गात किंवा सभागृहात फोन वाजू नयेत म्हणून जॅमर लावणे त्याहून गंभीर. घरात संकेत येत नसेल तर मोबाइल कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि वाय-फायवरून बोलण्याची सोय फोनमध्ये असल्यास ती चालू करावी.

जुन्नर-आंबेगाव भागांतील वाचकांना एक स्वतंत्र विनंती आहे. नारायणगावजवळ खोडद येथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी, विश्वातून येणारे अतिशय क्षीण संकेत टिपते. तिचे पट्टे १५०० मेगाहर्ट्झच्या खाली असल्यामुळे घरचे वाय-फाय थेट तिच्या वाटेत येत नाही; परंतु वीजवाहिनीच्या सैल जोडावरील ठिणग्या, निकृष्ट एलईडी दिव्यांची व चार्जरांची विद्युत मंडले यांचा गोंगाट नेमका तिच्या प्रदेशात पडतो. खांबावर ठिणगी दिसली तर वीज कंपनीला तत्काळ कळवावे, आणि दिवे-चार्जर प्रमाणित असतील तेच घ्यावेत.

गृहरचना संस्थांच्या कार्यकारिणीने एवढे करावे, अशी माझी सूचना आहे. संस्थेच्या दप्तरात एक साधी नोंदवही ठेवावी व तीत प्रत्येक सदनिकेसमोर २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल, रुंदी आणि चालू असलेल्या नावांची संख्या लिहावी. चॅनेले वाटताना वर-खाली आणि भिंतीस लागून असलेली घरे शक्यतो निरनिराळ्या चॅनेलांवर जातील असे पाहावे, म्हणजे तळमजल्यावरचे घर पहिल्यावर असेल तर त्याच्या डोक्यावरचे सहाव्यावर, त्याच्या वरचे अकराव्यावर. कंपनीचा माणूस राउटर बदलून गेला की तो बहुधा मूळ स्थितीत, म्हणजे पूर्ण शक्तीवर व स्वयंनिवडीवर असतो. तेव्हा त्याच दिवशी व्यवस्था पुन्हा पाहून घेण्याची जबाबदारी त्या सदनिकाधारकावर सोपवावी. संस्थेच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांना तारा ओढण्याचा खर्च पुढील अंदाजपत्रकात धरावा. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घालावा, आणि सभेपूर्वी चिटणिसांनी आपल्या घरच्या राउटरची शक्ती उतरवून आरंभ करावा.